प्रश्नार्थक शब्दांचे एकच घराणे

रायपूरच्या तात्यापाऱ्यात किंवा चौबे कॉलनीत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या कानांवर चार भाषा पडतात. घरात मराठी, शेजारी हिंदी, बाजारात छत्तीसगढी आणि शाळेत इंग्रजी. या चारही भाषांतले प्रश्नार्थक शब्द मुळात एकाच घराण्यातले आहेत. मराठीतले कोण, काय, कुठे, किती आणि छत्तीसगढीतले कोन, का, कहाँ, कतका हे सगळे ‘क’ने सुरू होतात. इंग्रजीतले हू, व्हॉट, विच, व्हेअर मात्र परके वाटतात. पण त्यांचाही मूळ ध्वनी ‘क्व’ असाच होता. लॅटिनमधल्या ‘क्विस’ म्हणजे कोण आणि ‘क्विड’ म्हणजे काय, या शब्दांत तो टिकून राहिला. जर्मानिक भाषांत मात्र ‘क’चा ‘ह’ झाला. हा नियम याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये सविस्तर मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरले ते हेच.

घराणे एक असले, तरी कामाची वाटणी प्रत्येक भाषेने आपापल्या सोयीने केली. छत्तीसगढीत ‘का’ म्हणजे काय, आणि ‘काबर’ म्हणजे का. त्यामुळे ‘का करत हस?’ असे कोणी विचारले, की नागपूरहून आलेल्या पाहुण्याला कोणी जाब विचारतो आहे असे वाटते. विचारणाऱ्याला मात्र ‘काय करतोस?’ एवढेच म्हणायचे असते. या भाषेचे पहिले व्याकरण रायपूरचे हिरालाल काव्योपाध्याय यांनी 1885 मध्ये लिहिले. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 1890 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला.

इंग्रजी शिकताना ‘व्हॉट’ आणि ‘विच’ यांची गल्लत सर्वांत जास्त होते. मराठीत नामाआधी ‘कोणता’ बसवला की बहुतेक वेळा भागते. इंग्रजी तिथे दोन वाटा करते. पर्याय मोजके आणि समोर असतील, तर ‘विच’. रायपूरच्या बूढा तलाव आणि तेलीबांधा या तलावांपैकी मोठा कोणता, असे विचारताना ‘विच’च हवे. उत्तराला काहीच मर्यादा नसेल, तर ‘व्हॉट’. म्हणून अनोळखी माणसाला ‘तुम्ही कोणती भाषा बोलता?’ हे ‘व्हॉट लँग्वेज’ने विचारतात, पण अर्जावरच्या चार भाषांतून एक निवडायला सांगताना ‘विच लँग्वेज’ म्हणतात. माणसांबद्दल एरवी ‘हू’ वापरतात, पण ‘तुमच्यापैकी कोण?’ असे विचारायचे झाले की तिथेही ‘विच’ येते, कारण ती निवड असते.

निवडीचा हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात त्याचे प्रत्यय सांगितले आहेत. दोघांतला एक विचारायचा तर ‘कतर’, अनेकांतला एक विचारायचा तर ‘कतम’. मराठीत हा भेद उरला नाही. पण ‘कतर’चा सख्खा भाऊ इंग्रजीत आजही आहे. ‘जावे की न जावे’ अशा वाक्यांत इंग्रजीत येणारा ‘व्हेदर’ हा तो शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘दोहोंपैकी कोणता’ असाच होता. आता तो प्रश्न विचारत नाही, नुसती दोन वाक्ये जोडतो.

‘हूम’चेही दिवस भरत आले आहेत. मराठी ‘कोण’ला विभक्तीप्रत्यय लावून ‘कोणाला’ करते, छत्तीसगढी ‘कोन ला’ म्हणते. इंग्रजीत तेच काम ‘हूम’कडे होते. आज बोलण्यात सर्रास ‘हू’ चालते. शब्दयोगी अव्यय आधी आले, तरच ‘हूम’ हमखास ऐकू येतो, आणि औपचारिक लेखनात तो अजून पाळला जातो.

या हिशेबात मराठी काही मागे नाही. ‘तू वर्गात कितवा आलास?’ यातल्या ‘कितवा’ला इंग्रजीत सुटसुटीत शब्दच नाही, तिथे प्रश्न फिरवून विचारावा लागतो. त्यामुळे इंग्रजी प्रश्न रचताना मराठी शब्दाला इंग्रजी शब्द जोडत बसू नये. समोर मोजके पर्याय आहेत की उत्तर मोकळे आहे, एवढे आधी ठरवावे. ते ठरले की ‘व्हॉट’ आणि ‘विच’मधला बहुतेक घोळ तिथेच मिटतो.