शिरूर ते तांबरम, एकटीनं

रांजणगावच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं क्वालिटी खात्यात काम केलं. 2022 मध्ये कंपनीनं आमची लाइन चेन्नईजवळच्या ओरगडमला हलवायचं ठरवलं आणि विचारलं, कोण कोण येतंय? तरुण पोरांनी हात वर केले. बायकांमधून मी एकटीच. वय सत्तेचाळीस, नवरा वारलेला, मुलगा पुण्यात हॉस्टेलवर, आई शिरूरला भावाकडे. पगार किती वाढणार, हे गावात कुणी विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, "तिथं तुमचं कोण आहे?"

आमच्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात बाई गाव सोडते ती लग्न होऊन, नाहीतर उतारवयात लेकाकडे नातवंडं सांभाळायला. मधल्या वयात, स्वतःच्या नोकरीपायी, स्वतःच्या नावावर भाड्याचं घर घेऊन राहणं कुणाच्या हिशेबात बसत नाही. आता मात्र मला फोन येतात. कुणाची बँकेत बढतीवर बदली झालेली असते, कुणाचं खातं कंपनीनं दक्षिणेत नेलेलं असतं. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

वाटेची धास्ती धरू नका. शिरूरला रेल्वे नाही, पण न्हावरा, पारगाव, चौफुला करत दौंड गाठलं की मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी मिळते. सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल, रेणिगुंटा. एक रात्र आणि बराचसा दिवस. दौंडकरांना ही वाट नवी नाही. मुंबईकडून आलेली जी.आय.पी. रेल्वे आणि मद्रासकडून आलेली मद्रास रेल्वे 1871 मध्ये रायचूरला एकमेकींना मिळाल्या, तेव्हापासून दौंड या रस्त्यावर आहे. घाई असेल तर पुण्याहून विमान दोन तासांच्या आत पोचवतं.

अवघड आहे ती हवा. शिरूरचा उन्हाळा काही कमी नाही, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पण आपली हवा कोरडी. ओल्या पंचानं तोंड पुसून लिंबाच्या सावलीला बसलं की जिवाला बरं वाटतं आणि पहाटे गारवा येतो. चेन्नईत पारा कित्येकदा शिरूरपेक्षा खालीच असतो, तरी पहिल्या मे महिन्यात माझा जीव कासावीस झाला. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, शरीर थंड होतं ते त्यामुळे. हवेत आधीच दमटपणा भरलेला असला की घाम वाळत नाही, नुसता ओघळत राहतो. रात्रीसुद्धा सुटका नसते. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तोच काय तो आधार. जमिनीवरचा कोरडा पश्चिम वारा जोरात असला तर हा समुद्रवारा उशिरा येतो आणि तो दिवस भाजून काढतो. 31 मे 2003 ला चेन्नईत 45 अंशांची नोंद झाली होती. मेच्या पहिल्या आठवड्यापासून महिनाअखेरपर्यंतच्या दिवसांना तिथले लोक अग्नि नक्षत्र म्हणतात आणि या काळात दुपारची कामं सकाळी उरकतात. आपणही तसंच वागावं. सुती कपडे, आलं-कढीपत्ता-हिंग घातलेलं पातळ ताक, आणि घर कधीही शेवटच्या मजल्यावर घेऊ नये, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडत असतो.

पावसाचं गणितही उलटं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर. घोड नदी त्या दिवसांत भरली तर भरली, नाहीतर वर्षभर टँकरची वाट. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. शिरूरला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, चेन्नईला साधारण चौदाशे. दिवाळीत आकाशकंदील लावायला गेले तर बाहेर मुसळधार. पर्जन्यछायेत वाढलेल्या माणसाला एवढ्या पाण्याची सवय नसते, आणि घर निवडताना नेमकं तेच नडतं.

मी चेन्नईजवळच्या तांबरमच्या पश्चिम भागात घर घेतलं, कारण मुडिचूर, पडप्पै करत ओरगडमला जाणारी कंपनीची बस तिथून मिळते. पहिल्याच दिवशी घरमालकीणबाई, त्यांना मी अक्का म्हणते, मला जिन्याखाली घेऊन गेल्या. भिंतीवर आपल्या छातीच्या उंचीला त्यांनी तळहात टेकवला. दोनदा रंग मारूनही तिथे एक फिकट, पिवळट रेघ उमटलेली दिसत होती. "ट्वेंटी फिफ्टीन," एवढंच त्या म्हणाल्या. 2015 च्या डिसेंबरात अडयार नदी फुगली तेव्हा मुडिचूर-तांबरमच्या पश्चिमेकडचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. खालचा गाळा त्या स्वस्तात देत होत्या, तरी स्वतःच मला म्हणाल्या, वरचा घे. मी पहिला मजला घेतला. 2023 च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळ आलं, वीज गेली, रस्त्यावर गुडघ्याच्या वर पाणी. तेव्हा मी वर बसून गॅसवर पिठलं केलं आणि अक्कांच्या घरच्या सगळ्यांना वाढलं.

पुराचं शहर ते टंचाईचंही आहे. 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे तलाव जवळपास कोरडे पडले होते. घर बघताना टाइल्स आणि मॉड्युलर किचन बघत बसू नका. नळाखाली ओंजळ धरा, पाणी खारट लागतं का बघा. बोअर किती चालतो, संप म्हणजे जमिनीखालची टाकी केवढी, उन्हाळ्यात टँकर येतो का आणि त्याचे पैसे कोण देतं, हे शेजाऱ्यांना विचारा. प्यायला बहुतेक घरांत वीस लिटरचे कॅन येतात, तो खर्च महिन्याच्या हिशेबात धरा.

पैशाचं एक सांगते. डिपॉझिटला तिथे अ‍ॅडव्हान्स म्हणतात आणि पूर्वी दहा-दहा महिन्यांचं भाडं मागायची रीत होती. अजूनही काही जण मागतात. 2019 पासून लागू झालेल्या तमिळनाडूच्या नव्या भाडेकायद्याप्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि भाडेकरार लेखी करून नोंदवावा लागतो. "एकट्याच राहणार? मग कुणी पुरुष जामीन आणा," असं एका घरी मला ऐकवलं गेलं. मी त्या घरातून निघाले. करारावर भावाचं नाव घालायला तो तयार होता, मी घातलं नाही. आधारचा पत्ता, बँक, गॅस, पुढे मतदारयादी, सगळं त्या एका कागदावर उभं राहतं. तो कागद दुसऱ्याच्या नावावर असला की आपण त्या शहरात पाहुणे उरतो.

आणि खरं सांगायचं तर एकट्या कामकरी बाईला हे शहर सोपं जातं. देशातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त एकट्या तमिळनाडूत आहेत. पहाटे गणवेशात, केसांत मोगरा माळून, डबा घेऊन बसस्टॉपवर उभ्या असलेल्या पन्नाशीच्या बाया मी रोज बघते. त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही, माझ्याकडेही नाही. 2021 पासून साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही. घर मिळेपर्यंत राहायला राज्य सरकारची तोळी नावाची नोकरदार महिलांची वसतिगृहं आहेत, तांबरमलाही एक आहे. असं वसतिगृह रांजणगावला का नाही, हा प्रश्न मला तिथे गेल्यापासून छळतो आहे.

भाषा हळूहळू येते. मी आकड्यांपासून सुरुवात केली, मग भाजी, मग रिक्षा. हिंदीचा आग्रह धरला नाही, त्यामुळे माणसं मोकळी वागली. ज्वारीला तिथे सोळम म्हणतात, किराणावाल्याकडे मिळते. पीठ मात्र थोडं थोडंच दळून आणायचं, दमट हवेत लवकर खराब होतं. काळा मसाला शिरूरहून.

या वाटेनं आपली माणसं फार पूर्वीपासून गेली आहेत. पुणे-सुप्याची जहागीर असलेले शहाजीराजे 1636 च्या माहुलीच्या तहानंतर आदिलशाहीच्या चाकरीत दक्षिणेला गेले ते चाळिशीच्या आसपास. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांच्या घराण्यानं तंजावरवर 1855 पर्यंत राज्य केलं. पण मला जवळचे वाटतात ते रामचंद्रबुवा मोरगावकर. फौजफाटा नाही, जहागीर नाही. एकोणिसाव्या शतकात हे कीर्तनकार तंजावरला जाऊन राहिले आणि त्यांची मराठी कीर्तनाची रीत तिथल्या तंजावूर कृष्ण भागवतरांनी आपल्या हरिकथेत उतरवली. आजही मार्गळीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या संगीत मोसमात, चेन्नईच्या सभागृहांत अभंग रंगतात. गायिका अरुणा साईराम यांचा अभंग मी पहिल्यांदा समोर बसून ऐकला, तेव्हा आजूबाजूचं सगळं तमिळ सभागृह विठ्ठलनामावर टाळ्यांचा ठेका धरत होतं. माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

आईची काळजी सुटत नाही, हे लपवत नाही. रात्री आठला फोन ठरलेला. तिच्या औषधांचा खर्च मी पाठवते, वहिनी बघते, आणि वहिनीला मी त्याचं श्रेय उघडपणे देते.

जाणार असाल तर घर बघायला मे महिन्यात जाऊ नका, नोव्हेंबरात जा. पाणी कुठे साचतं ते तेव्हाच कळतं. भाडेकरार स्वतःच्या नावावर करा. आणि तुमच्या घरातली कुणी पंचेचाळिशीची बहीण, वहिनी, नणंद अशी निघाली असेल, तर "तिथं कोण आहे तुझं?" असं तिला विचारू नका. दौंडच्या फलाटापर्यंत तिची बॅग उचलायला जा.