सेवा क्लबांची गळकी घागर

जुलै महिना उजाडला की वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांवर पदग्रहण समारंभांची छायाचित्रे झळकू लागतात. गळ्यात कॉलर घातलेले नवे अध्यक्ष, शेजारी सचिव, मागे प्रांतपाल आणि खाली 'या प्रसंगी नव्या सभासदांना शपथ देण्यात आली' हे ठरलेले वाक्य. रोटरी, लायन्स, इनरव्हील अशा क्लबांचे महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत पसरलेले जाळे पाहता अशा बातम्यांना तोटा नसतो. मात्र शपथ घेतलेल्यांपैकी किती जण पुढच्या जुलैत त्याच सभागृहात बसलेले असतात, याची बातमी कधीच येत नाही. येणाऱ्याला पुष्पगुच्छ मिळतो. जाणारा वर्गणी भरणे थांबवतो आणि यादीतून त्याचे नाव गळते, इतकेच.

रोटरीची जगभरातील सभासदसंख्या गेली पंचवीसहून अधिक वर्षे बारा लाखांच्या आसपास घुटमळते आहे. या काळात अनेक देशांत नवे क्लब निघाले आणि भारतात तर संघटना चांगलीच वाढली. कोलकात्याचे शेखर मेहता २०२१-२२ मध्ये जागतिक अध्यक्ष असताना 'प्रत्येकाने एक सभासद आणावा' असे आवाहन करून ही संख्या तेरा लाखांवर नेण्याचा संकल्प सोडण्यात आला होता. तरीही आकडा बारा लाखांच्याच घरात राहिला. माणसे येत नाहीत असा याचा अर्थ नाही. ती एका दाराने येतात आणि दुसऱ्या दाराने निघून जातात.

एखाद्या क्लबचेच गणित मांडून पाहू. समजा, पन्नास सभासदांच्या क्लबात दरवर्षी आठ जण नव्याने येतात आणि आठ जण सोडून जातात. वार्षिक अहवालात संख्या 'स्थिर' दिसते आणि आठ नव्या नावांबद्दल अध्यक्षांचे कौतुकही होते. प्रत्यक्षात सहा वर्षांत अठ्ठेचाळीस माणसे क्लबला ओळखून, पारखून दूर गेलेली असतात. मध्यम आकाराच्या शहरात ही माणसे कुठे तरी भेटतातच, आणि 'तो क्लब कसा आहे हो?' या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक परिणामकारक ठरते.

गळती होण्याचे कारण विचारले तर पदाधिकाऱ्यांकडून बहुधा एकच उत्तर मिळते : 'आजकाल लोकांना वेळ नसतो.' हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यात क्लबचा दोष काहीच उरत नाही. वास्तविक, वेळ नाही म्हणून क्लब सोडणारा माणूस रविवारी पहाटे टेकडीवर झाडांना पाणी घालायला जातो, सोसायटीचे हिशेब सांभाळतो, मुलाच्या शाळेतल्या पालक संघात धावपळ करतो. वेळ त्याच्याकडे असतो. तो क्लबला द्यावासा वाटत नाही, ही खरी गोष्ट आहे. पण हे तो तोंडावर सांगणार नाही. 'तुमच्या सभेत कंटाळा येतो' असे म्हणणे आपल्याकडच्या शिष्टाचारात बसत नाही. 'सध्या जरा गडबड आहे' एवढ्यावर भागते.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात याची उकल करून ठेवली आहे. एखाद्या संस्थेबद्दल असमाधान वाटू लागले की माणसापुढे दोन मार्ग असतात : बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. निष्ठा असेल तर तो बाहेर पडण्यापूर्वी बोलून पाहतो. सेवा क्लबातून बाहेर पडायला काहीच पडत नाही. ना नोकरी जाते, ना नातेसंबंध तुटतात. त्यामुळे ज्याची निष्ठा अद्याप जुळलेली नाही, असा नवा सभासद तक्रार करण्याच्या भानगडीत न पडता सरळ निघून जातो. क्लबला आपले दुखणे कळतच नाही, कारण ते सांगू शकणारी माणसे आधीच गेलेली असतात. तक्रारी नाहीत म्हणजे सारे आलबेल आहे, असा निष्कर्ष काढणाऱ्या कार्यकारिणीने सर्वांत आधी सावध व्हायला हवे.

आता रोटरीच्या जन्मकथेकडे वळू, कारण या प्रश्नाचे बीज तिच्यातच आहे. पॉल हॅरिस हे लहान गावात वाढलेले वकील १८९६ साली शिकागोत आले आणि त्या अफाट शहरात एकाकी झाले. गावातल्यासारखा स्नेह व्यावसायिकांमध्ये निर्माण व्हावा या हेतूने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी ते तिघांना भेटले : कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण अभियंता गुस्ताव्हस लोअर आणि शिंपीकामाचे व्यावसायिक हायरम शोरी. या चार संस्थापकांपैकी लोअर आणि शोरी काही वर्षांतच सभासद राहिले नाहीत. पहिली बैठक झाली होती ती लोअर यांच्याच कचेरीत! म्हणजे संघटनेच्या अगदी पहिल्या खोलीतली निम्मी माणसे टिकली नाहीत. शील मात्र पहिले अध्यक्ष झाले आणि अखेरपर्यंत रोटरीत राहिले.

आरंभीच्या त्या क्लबात स्नेह आणि परस्परांना व्यवसाय मिळवून देणे, एवढाच उद्देश होता. सेवा नंतर आली. १९०७ साली शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्यासाठी क्लबने पुढाकार घेतला, तो या संघटनेचा पहिला मोठा लोकोपयोगी उपक्रम मानला जातो. केवळ गप्पा आणि भोजन यांच्या बळावर माणसे फार काळ एकत्र राहत नाहीत, त्यांच्यापुढे एखादे काम असावे लागते, हे तेव्हाच उमगले असावे. (योगायोग असा, की त्याच १९०५ सालच्या जूनमध्ये पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. तिथे सभासदाने उभे आयुष्य द्यायचे होते. इथे आठवड्यातून एक भोजनाची वेळ. आयुष्य देणाऱ्याला व्रत बांधून ठेवते. एक वेळ देणाऱ्याला बांधून ठेवणारे काय, हा प्रश्न क्लबांपुढे तेव्हापासून आहे.)

दीर्घ काळ याचे उत्तर नियमात शोधले गेले. आठवड्याला सभा, प्रत्येक सहामाहीत ठरावीक किमान उपस्थिती आणि सलग चार सभा चुकल्यास सभासदत्वावर गंडांतर. चुकलेली सभा दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन भरून काढण्याची सोयही होती. तिला 'मेक-अप' म्हणत. या शब्दावरून झालेले विनोद जुन्या सभासदांना आठवत असतील. पण रॉबर्ट पटनम यांनी २००० सालच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात दाखवून दिले त्याप्रमाणे अमेरिकेत अशा संघटनांची ओहोटी १९६०-७० च्या दशकांनंतर सुरू झाली होती आणि हजेरीपटाने ती थांबली नाही. अखेर २०१६ साली रोटरीने नियम सैल केले; महिन्यातून दोन सभाही पुरेशा ठरल्या. स्त्रियांना दार उघडायला तर १९८० चे दशक संपत आले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये निकाल दिला आणि १९८९ मध्ये रोटरीची घटना बदलली. त्यापूर्वी रोटेरियनांच्या पत्नींसाठी इनरव्हीलचा वेगळा संसार होता.

नियम बदलले, तरी नव्या सभासदाचे पहिले वर्ष मात्र फारसे बदलले नाही. तो येतो, पिन लावून घेतो, व्याख्यान ऐकतो, जेवतो, घरी जातो. त्याला सुचवणारा मित्र शपथविधीनंतर आपल्या जुन्या टेबलावर जाऊन बसतो. पहिल्या रांगेत माजी अध्यक्ष असतात आणि निर्णय त्यांच्या गप्पांतच होऊन गेलेले असतात. वर्ष सरते तरी नवागत पाहुणाच राहतो.

याउलट गणेशोत्सव मंडळाकडे पाहावे. तिथे कोणी शपथ देत नाही आणि हजेरीही घेत नाही. पण मांडवात डोकावणाऱ्या दहा वर्षांच्या पोरालाही कोणी तरी 'ही दोरी धर रे' म्हणते. पुढच्या वर्षी त्याच्या हाती वर्गणीचे पुस्तक येते, त्यानंतर विसर्जनाच्या रांगेची जबाबदारी. तो मंडळाचा कधी झाला, हे त्याला सांगता येत नाही. मंडळांचे दोष कमी नाहीत, पण माणूस धरून ठेवण्याची ही हातोटी क्लबांनी त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे.

क्लबांच्या स्वतःच्या इतिहासातही याचा उत्तम दाखला आहे. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनाचा जागतिक कार्यक्रम हाती घेतला. भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदवला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश ज्या विभागात मोडतो तो जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. सरकारी यंत्रणा, आरोग्यसेविका आणि अंगणवाडी कार्यकर्त्या यांचा वाटा यात सर्वांत मोठा, हे निर्विवाद. पण त्या रविवारी बूथवर बसलेल्या क्लब सभासदालाही नेमकी जागा होती. समोर मूल, तोंडात दोन थेंब, करंगळीच्या नखावर शाईची खूण. आज किती मुले आली, हे संध्याकाळी मोजून सांगता येत असे. भाषणाच्या वेळी मोबाइल चाळणारा माणूसही तिथे उन्हात दिवसभर बसून राहत असे.

गिल क्लॅरी, मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन येथे उपयोगी पडते. मूल्यनिष्ठा, नवे शिकणे, मित्रमंडळ, व्यवसायातील लाभ, मनावरचे ओझे हलके होणे आणि स्वतःबद्दल बरे वाटणे, असे स्वयंसेवेमागचे सहा हेतू त्यांनी मांडले. ज्याला जे हवे ते कामातून मिळाले, तर तो अधिक समाधानी असतो आणि पुढेही काम करू इच्छितो, असे त्यांना आढळले. तेव्हा नुकतीच सनद मिळालेली लेखापाल तरुणी आणि निवृत्त मुख्याध्यापक यांना एकाच वृक्षारोपणाच्या छायाचित्रात उभे करून चालणार नाही. तिला कदाचित नव्या ओळखी हव्या असतील. त्यांना पुन्हा एकदा वर्ग हवा असेल.

यात मोठा अडसर आहे तो एका वर्षाच्या कारकिर्दीचा. दर जुलैला नवा अध्यक्ष, नवे घोषवाक्य, नवे संकल्प. गेल्या वर्षी दत्तक घेतलेली शाळा या वर्षी कोणाच्या लक्षात नसते आणि तिथे रमलेला सभासद पोरका होतो. शिवाय रोटरीत मातृसंस्थेची वर्गणी १ जुलै आणि १ जानेवारीच्या सभासदसंख्येवर आकारली जाते. साहजिकच जूनअखेरीस वह्या तपासल्या जातात आणि न येणाऱ्यांची नावे खोडली जातात. वर्षभर ज्याला एक दूरध्वनी केला नाही, त्याची आठवण क्लबला होते ती अशी. ज्यांच्यापाशी रुग्णालय, रक्तपेढी यांसारखे कायमस्वरूपी काम आहे, त्या क्लबांची गोष्ट वेगळी असते. मिरजेतील लायन्सचे नेत्र रुग्णालय अध्यक्ष बदलला म्हणून बंद पडत नाही.

अशी संस्था उभारणे प्रत्येक क्लबच्या आवाक्यात नाही. पण एखादा उपक्रम तीन वर्षे तीच माणसे पाहतील, एवढे ठरवता येते. नव्या सभासदाला पहिल्या तीन महिन्यांत त्याच्या नावाचे, ठरावीक तारखेचे एक काम देता येते. दुसरी सभा चुकली की दंडासाठी नव्हे, तर ख्यालीखुशाली विचारण्यासाठी फोन करता येतो. आणि यंदाच्या सचिवांनी एक संध्याकाळ काढून गेल्या तीन वर्षांत आलेल्यांची व गेलेल्यांची नावे समोरासमोर लिहावीत, गेलेल्यांपैकी चार-पाच जणांना चहाला बोलवावे आणि 'परत या' असे न म्हणता त्यांचे ऐकून घ्यावे.