स्तंभावरची नावे

इंग्रज-मराठा युद्धे शिकवून झाली की वर्गातला एखादा मुलगा हमखास मागे रेंगाळतो. यंदा एकाने विचारले, "सर, कोरेगावला आपली माणसं इंग्रजांकडून लढली. मग आपण देशद्रोही का?" २०१८ च्या १ जानेवारीला, लढाईला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, तिथे दगडफेक आणि जाळपोळ झाली. तेव्हापासून हा प्रश्न अधिकच बोचरा झाला आहे.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आजोबांनी येसकराची काठी वागवली. त्यामुळे हा प्रश्न मला नुसत्या अभ्यासक्रमाचा वाटत नाही.

आधी घटना पाहू. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या हाती गेले. कॅप्टन स्टाँटनची सुमारे आठशे माणसांची तुकडी शिरूरहून रात्रभर चालून १ जानेवारी १८१८ ला भीमेकाठच्या कोरेगावी पोहोचली. समोर दुसऱ्या बाजीरावाचे सुमारे अठ्ठावीस हजार सैन्य होते. प्रत्यक्ष हल्ला केला तो दोनेक हजारांनी, आणि त्यांत अरब शिपाई मोठ्या संख्येने होते. अन्नपाण्यावाचून रात्रीपर्यंत झुंज चालली. गाव पडले नाही. पेशव्याचे सैन्य निघून गेले. जूनमध्ये बाजीराव शरण गेला.

म्हणजे कोरेगावने एकट्याने पेशवाई बुडवली, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. दोन्हीकडे पगारी शिपाई होते. कंपनीच्या पलटणीत महारांबरोबर मराठे आणि मुसलमानही होते. मग द्रोहाचा जाब एकट्या महारालाच का? ज्या राज्यात त्याची सावलीही विटाळ मानली जाई, त्या राज्याने त्याच्याकडे कोणत्या तोंडाने निष्ठा मागावी?

पण इंग्रजांचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. त्यांनी १८२१ मध्ये स्तंभाची पायाभरणी केली ती स्वतःच्या विजयासाठी. पुढे १८९० नंतर त्याच सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांना १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज करावा लागला. गरज सरो, वैद्य मरो.

तरीही त्या दगडाने एक गोष्ट केली. त्यावरच्या मृतांच्या ४९ नावांपैकी २२ 'नाक'कारान्त आहेत. आमच्या पणजोबांच्या पिढीपर्यंत घरातल्या नावांना तेच 'नाक' लागत असे. गावच्या दप्तरात आमच्या माणसांची नोंद झाली ती बहुधा राबणारे म्हणून. इथे ती लढणारे म्हणून झाली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि परक्याच्या विजयस्तंभाला आपल्या माणसांच्या स्मृतीचा अर्थ मिळाला.

त्या मुलाला मी एवढेच म्हणालो, "देशद्रोही कोण, हे नंतर ठरवू. तेव्हा देश कोणाचा होता, हे आधी शोध." तो वहीत काहीतरी लिहून घेऊन गेला. पुढच्या तासाला तो काय विचारतो, याची मी वाट पाहतो आहे.