सोडियमचे दिवे आणि अणूंच्या धडका

समुद्रपूरकरांनो, एलईडीच्या आधीचे रस्त्यावरचे सोनेरी-पिवळे दिवे आठवतात? ते सोडियमचे. सोडियमची खरी ओळख म्हणजे ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन बारीक पिवळ्या रेषा. पण त्या दिव्यांत वाफेचा दाब जास्त. अणू एकमेकांवर सतत धडकतात आणि रेषा पसरतात. म्हणून उजेड निव्वळ पिवळा न राहता सोनेरी व्हायचा.

दाब कमी केला तरी अणू पळतच असतात. पळणाऱ्या अणूला प्रकाशाची वारंवारता थोडी बदललेली भासते, हाच डॉपलर परिणाम. त्यामुळे रुबिडियम या धातूच्या वाफेची ७८० नॅनोमीटरची रेषा साधारण ५०० मेगाहर्ट्‌झ रुंद दिसते; मुळात ती जेमतेम ६ मेगाहर्ट्‌झची! यावरचा तोडगा मला भारी आवडतो. एकाच लेझरचे दोन किरण वाफेतून समोरासमोर सोडायचे. तगड्या किरणाने अणूंचं पोट भरतं, मग दुसरा किरण कमी शोषला जातो. दोन्ही किरण एकाच वेळी लागू पडतात ते मुख्यतः किरणांच्या दिशेने न सरकणाऱ्या अणूंनाच. म्हणून वाफेतून पार होणाऱ्या प्रकाशाच्या आलेखात, रुंद खळग्यात रेषेच्या खऱ्या जागी बारीक टोक उमटतं.

धडका नेहमी वाईटच असंही नाही. रुबिडियमच्या अणुघड्याळात वाफेच्या कुपीत नायट्रोजनसारखा वायू मुद्दाम भरतात, म्हणजे अणू काचेवर लवकर आपटत नाहीत. असं स्वदेशी रुबिडियम घड्याळ घेऊन इस्रोचा एनव्हीएस-०१ उपग्रह २९ मे २०२३ रोजी झेपावला.