कराटेच्या क्लासला नाव घालण्यापूर्वी

गेल्या जूनमध्ये आमची धाकटी मुलगी दुसरीत गेली आणि त्याच सुमारास तिने इमारतीखाली खेळायला जाणे बंद केले. कारण विचारले तर सांगेना. पंधरा दिवसांनी शेजारच्या वहिनींकडून कळले की, पलीकडच्या इमारतीतील दोन मोठी मुले जिन्यात तिची वाट अडवतात, पाण्याची बाटली हिसकावून घेतात आणि ती रडली की हसतात. मुलगी घरी एक शब्द बोलली नव्हती. आम्हाला बाटलीपेक्षा त्याचेच जास्त वाईट वाटले.

मुलीच्या आईने त्याच रात्री निकाल दिला, "हिला कराटेला घाला." आमच्या मातोश्री म्हणाल्या, "अन् पोरीचा हातपाय मोडला म्हंजे?" दोघींच्या मध्ये आम्ही. शेवटी असे ठरले की, आधी क्लास डोळ्यांनी पाहायचे आणि मगच पैसे भरायचे. त्या पाहणीत जे कळले ते आपल्या समाजातील इतर आईवडिलांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे अशा कोणत्याही खेळाला सरसकट कराटे म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात कराटे हा जपानच्या ओकिनावा बेटावरचा प्रकार. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली तो टोकियोत नेऊन दाखवला आणि पुढे तो जगभर गेला. त्यात ठोसे, लाथा आणि अडवण्याचे हात असतात. ज्युदो हा जिगोरो कानो या शिक्षकाने १८८२ साली टोकियोत सुरू केला. त्यात मारणे नाही, धरून पाडणे आहे. आपल्या कुस्तीच्या जवळचा. तायक्वांदो कोरियाचा, त्यात लाथांना महत्त्व जास्त. सात वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पहिल्या वर्षात या तिन्हींत फार अंतर नाही. पळणे, उड्या, तोल सांभाळणे, सांगितलेले ऐकणे, एवढेच खरे शिक्षण असते. मात्र ज्युदोला जाड गाद्या लागतात. फरशीवर ज्युदो शिकवणारा कोणी भेटला तर तिथून सरळ घरी यावे.

जाता जाता एक गोष्ट. पुष्कळ क्लासच्या भिंतीवर बोधिधर्माचे चित्र असते आणि त्याने शाओलिनच्या भिक्खूंना ही विद्या शिकवली असे सांगतात. बौद्ध म्हणून ऐकायला बरे वाटते. पण बोधिधर्माचा काळ पाचव्या-सहाव्या शतकाचा मानतात आणि त्याचा व्यायामाशी संबंध जोडणारा चिनी ग्रंथ सतराव्या शतकातला आहे. ती आख्यायिका आहे. शाओलिनचे भिक्खू युद्धकलेत निपुण होते हे मात्र खरे. चित्र पाहून क्लास निवडू नये, इतकेच.

आम्ही पहिला क्लास पाहिला तो आमच्याच वस्तीतील विहाराच्या सभागृहात. शिकवणारा आपलाच होतकरू तरुण. सभागृह त्याला मिळावे म्हणून कमिटीत शब्द टाकणारे आम्हीच. फी नाममात्र. मुलगी तिथेच जाणार असे सर्वांनी गृहीत धरले होते. आम्ही कोपऱ्यात सतरंजीवर तासभर बसलो. तरुणाच्या हातात वेताची छडी होती. पाय वाकवून उभे राहिलेले मूल जरा वर आले की पोटरीवर छडी बसत होती. एका सहा वर्षांच्या मुलाचे पाय दोन्ही बाजूंना फाकवून, वरून खांद्यावर भार देऊन त्याला खाली दाबले जात होते. मूल ओरडले. बाकीची मुले हसली. ते हसणे ऐकले आणि आम्हाला जिना आठवला.

क्लास सुटल्यावर त्याला बाजूला घेऊन बोललो. तो म्हणाला, "काका, आम्हालाही असंच शिकवलं. मार खाल्ल्याशिवाय येत नाही." त्याचे बोलणे खोटे नव्हते. आमच्या लहानपणी १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी लाठीकाठी शिकताना आम्हीही पाठीवर रट्टे खाल्ले आहेत आणि त्याचा अभिमान मिरवला आहे. पण लहान मुलांच्या हाडांची टोके अजून वाढत असतात, तिथे कूर्चा असते; बळाने ताणल्यास किंवा कठीण जमिनीवर मुठीवर जोर काढायला लावल्यास तिथे इजा होऊ शकते. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे. मग जे शाळेत चालत नाही ते विहारात कसे चालावे? छडी त्याने पुढच्या आठवड्यापासून बंद केली. ताणणे पूर्ण बंद झाले असे म्हणता येत नाही. आम्ही मुलीला तिथे घातले नाही आणि त्यावरून कमिटीतील दोघे अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. आपला माणूस म्हणून काही ठिकाणी डोळेझाक केली असेलही, पण ही जागा तशी नव्हती.

दुसरा क्लास स्टेशनजवळ, वातानुकूलित, आरसे लावलेला. पत्रकावर "फी फक्त ६०० रुपये" आणि खाली "ऑलिम्पिकची संधी". आम्ही कारकून माणूस, बी.कॉम. झालेले, आकडे दिसले की कागद-पेन्सिल निघते. महिना ६०० म्हणजे वर्षाचे ७,२००. प्रवेश ५००. ड्रेस त्यांच्याकडूनच घ्यायचा, १,०००. दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, ७०० प्रमाणे २,८००. वर्षातून एक स्पर्धा "सक्तीची", १,२००. एकूण १२,७०० रुपये, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. म्हणजे महिना हजाराच्या वर. ६०० रुपये म्हणून गेलेला माणूस दिवाळीपर्यंत उसनवारीला लागतो आणि मुलाला मध्येच काढतो. परीक्षेत कोणी नापास होते का, असे विचारले तर काउंटरवरची मुलगी नुसती हसली.

ऑलिम्पिकचेही पाहा. ज्युदो १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये आला, तायक्वांदो २००० पासून पदकांचा खेळ आहे. कराटे मात्र एकदाच, २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये होता. २०२४ च्या पॅरिसला नव्हता. त्या क्लासमध्ये शिकवत होते कराटेच.

काळ्या पट्ट्याचे वेडही पुष्कळ आहे. जपानीत पहिल्या काळ्या पट्ट्याला शोदान म्हणतात आणि त्याचा अर्थच सुरुवातीची पायरी असा आहे. तायक्वांदोत पंधरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांचा दान न देता पूम नावाचा वेगळा दर्जा देतात. तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट देण्याचे वचन कोणी दिले, तर तो पट्टा विकतो आहे असे समजावे. स्पर्धांबद्दल क्लासवाल्याला न विचारता जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारावे. शालेय स्पर्धा कोणत्या आणि त्यात भाग कसा घ्यायचा हे तिथे कळते.

तिसरा क्लास महापालिकेच्या शाळेत, संध्याकाळी. पंखा एक, तोही आवाज करणारा. जुन्या गाद्या, पण जमिनीवर नीट अंथरलेल्या. एक सर आणि त्यांच्या हाताखाली एक मॅडम. दारे उघडी, पालकांना बाकांवर बसण्याची मुभा. आम्ही तिथे तीन संध्याकाळी बसलो. एक स्थूल मुलगा होता, त्याला कोलांटी येत नव्हती. सरांनी त्याला रांगेतून बाजूला केले नाही की सर्वांसमोर उभे केले नाही. स्वतः गुडघ्यावर बसून त्याची हनुवटी छातीला लावायला सांगितली आणि मानेखाली हात धरला. चौथ्या वेळी जमले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हसलेही नाही. त्याच वेळी मुलीच्या आईने आमच्याकडे पाहिले.

या सरांनी दोन गोष्टी आपणहून सांगितल्या. पहिली, या वयात डोक्यावर मार नाही आणि खरी झुंज नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ साली हाच इशारा दिला आहे: अंगाला अंग न लावता केलेला सराव लहानांना सुरक्षित आणि डोक्याला टोपी घातली म्हणून मेंदूला इजा होणार नाही असे धरून चालू नये. दुसरी गोष्ट आम्हाला अधिक पटली. सर म्हणाले, "सात वर्षांची मुलगी मोठ्या माणसाला हरवेल असं मी सांगत नाही. ओरडायचं, पळायचं आणि घरी सांगायचं, एवढं शिकवतो." हा मनुष्य आपला धंदा कमी करून सांगत होता.

मुलांना हात लावून शिकवावे लागते, त्यामुळे दार उघडे आहे की नाही हे पाहण्यात संकोच करू नये. जो पालकांना आत बसू देत नाही, मुलाला एकट्याला थांबवून घेतो, फोनवर वेगळे निरोप पाठवतो, तिथे मूल पाठवू नये. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ चा पोक्सो कायदा आहे आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. तो मुलांनाही पाठ असावा. आमच्या मुलीने तो फ्रिजच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे.

जिन्यातल्या मुलांचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्यात कराटेचा काही वाटा नाही. मुलीची आई त्या मुलांच्या आईकडे गेली, दोघी बोलल्या आणि बाटली परत आली. क्लास आम्ही तरीही चालू ठेवला.

तिथे ठोसा मारताना मोठ्याने आवाज काढायचा असतो. पहिला दीड महिना आमच्या मुलीचे फक्त ओठ हलत. सरांनी तिला कधी टोकले नाही. आम्हीच बाकावर बसून अस्वस्थ होत होतो. एकदा तर "जोरात" म्हणून इथूनच ओरडलो, तेव्हा मॅडमनी आम्हाला गप्प केले. ऑगस्टच्या अखेरीस एका संध्याकाळी रांगेतून एक आवाज इतका मोठा आला की सगळ्या मुलांनी वळून पाहिले.

पिवळ्या पट्ट्याची परीक्षा तिने अजून दिलेली नाही. सर म्हणतात, घाई नाही. मातोश्रींची तक्रार मात्र आता वेगळी आहे. "पोरगी घरात लई वरडती," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात.