चिकटा काढायला पेट्रोल-रॉकेल नको

नव्या ताटावरचे लेबल, प्लास्टिकच्या डब्यावरची किमतीची चिठ्ठी, जयंतीला दारावर लावलेल्या पोस्टरची सेलोटेप, उंदरासाठी ठेवलेल्या पुठ्ठ्याचा गोंद, मुलाच्या गुडघ्यावरची पट्टी. वस्तू वेगवेगळ्या, पण मागे चिकटा राहतोच. त्यावर धूळ बसते, काळा डाग पडतो. भांड्यावर असेल तर त्यात खरकटे अडकते. म्हणून तो काढलाच पाहिजे.

पण तो काढायला अनेक घरांत हात जातो तो गाडीच्या टाकीतल्या पेट्रोलकडे, रंगकामातून उरलेल्या थिनरकडे, नाहीतर कोपऱ्यातल्या रॉकेलकडे. खरा धोका चिकट्यात नाही, या तीन बाटल्यांत आहे. आणि त्यांची गरजही नाही. तेच काम घरातले तेल, गरम पाणी आणि साबण करतात.

पाण्याने का निघत नाही?

लेबलचा गोंद हा खळीसारखा वाळून कडक होत नाही. तो रबरासारखा मऊच राहतो, म्हणून तर दाबले की चिकटतो. त्यात पाणी शिरत नाही, त्यामुळे नुसते धुऊन उपयोग होत नाही. पण तेल त्यात शिरते. तेलाने गोंद फुगतो, मऊ होतो आणि त्याची पकड सुटते. उष्णतेनेही तो सैल होतो. मग साबण ते तेल आणि सुटलेला गोंद दोन्ही पाण्याबरोबर वाहून नेतो. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी ऊब, मग तेल, शेवटी साबण.

पेट्रोल, थिनर, रॉकेल का नको?

पेट्रोलची आणि थिनरची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. एका खोलीच्या घरात चूल किंवा गॅस चार हातांवर असतो, मेणबत्ती नाहीतर अगरबत्ती पेटलेली असते. वाफ तिथपर्यंत पोहोचली की भडका उडतो, आणि तो उलट आपल्या हातातल्या फडक्यापर्यंत येतो. नायलॉनची साडी किंवा गाऊन अंगावर असेल तर तो वितळून कातडीला चिकटतो.

रॉकेल तेवढे भडकत नाही असे आपण समजतो. पण साधारण ३५ ते ४० अंशांच्या पुढे गेले की रॉकेलची वाफही ठिणगीने पेट घेऊ शकते. एरंडोल, धरणगाव, जळगाव या आपल्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. म्हणजे उन्हाळ्यात घरातले रॉकेल आधीच तापलेले असते.

दुसरा धोका श्वासाचा. बंद खोलीत थिनर हुंगले गेले की डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. गरोदर बाई, तान्हे बाळ आणि दम्याचा माणूस यांना जास्त त्रास होतो.

तिसरा धोका बाटलीचा. उरलेले पेट्रोल-रॉकेल पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवले जाते. तहानलेले लेकरू ती तोंडाला लावते. पोटात गेलेल्या रॉकेलपेक्षा फुप्फुसात शिरलेले रॉकेल जास्त घातक असते.

कोणत्या वस्तूला काय करावे?

स्टीलची भांडी: लेबल ओरबाडू नका. तांब्या, पातेले असेल तर आत कढत पाणी भरून दहा मिनिटे ठेवा. ताट असेल तर उन्हात तापू द्या; आपल्या उन्हात फार वेळ लागत नाही. फडक्याने धरून लेबलचा एक कोपरा उचला आणि हळूहळू ओढा. राहिलेल्या चिकट्याला खायचे तेल चोळा, पाच मिनिटांनी घासणीला राख किंवा साबण घेऊन धुवा.

प्लास्टिकचे डबे, बरण्या: कढत पाणी टाकू नका, डबा वाकडा होतो. लेबलचा कागद ओला करून खरवडा. चिकट्यावर तेल लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवा. खाण्याचा सोडा आणि तेल यांचे दाट मिश्रण चोळले तर लवकर निघतो. खरवडायला सुरीऐवजी जुने प्लास्टिकचे कार्ड वापरा.

काच, आरसा, फोटोची चौकट: तेल थेट ओतू नका. फडक्याला दोन थेंब लावून फक्त चिकट्यावर फिरवा. तेल चौकटीच्या फटीतून आत गेले तर बाबासाहेबांच्या किंवा बुद्धांच्या तसबिरीच्या कागदावर कायमचा डाग पडतो. नंतर साबणाच्या ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा.

रंगवलेले दार, कपाट: आधी कोपऱ्यात थोडे तेल लावून पाहा. रंग निघत नसेल तरच पुढे जा.

चुन्याची किंवा डिस्टेंपरची भिंत: इथे तेल नको, भिंत ते पिऊन टाकते आणि डाग राहतो. कोमट पाण्याचे फडके दाबून ठेवा आणि मुलांच्या खोडरबराने हलके घासा.

टीव्ही आणि मोबाइलचा पडदा: बंद करून फक्त किंचित ओल्या मऊ फडक्याने पुसा.

अंगावरचा चिकटा

मलमपट्टीचा किंवा उंदराच्या पुठ्ठ्याचा चिकटा कातडीवर लागला तर खोबरेल तेल चोळा, मग साबणाने धुवा. मुलांच्या अंगावर रॉकेल कधीही लावू नका. कातडी भाजल्यासारखी लाल होते. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बोटे चिकटली तर ओढू नका. कोमट साबणपाण्यात बुडवून ठेवा, हळूहळू सुटतात. तो गोंद डोळ्याला लागला तर पाण्याने धुवा, पापण्या जबरदस्तीने उघडू नका आणि लगेच दवाखान्यात जा.

एक लेबल काढूच नका

आपल्यातले बरेच जण कपाशीच्या शेतात फवारणीला जातात. औषधाचा मजबूत डबा रिकामा झाला की तो घरी आणावा, लेबल खरवडून पाणी नाहीतर तेल भरायला घ्यावा, असा मोह होतो. हे कधीही करू नका. प्लास्टिक औषध शोषून घेते, कितीही धुतले तरी ते पूर्ण निघत नाही. लेबल गेले की तो डबा विषाचा आहे हे घरातल्या दुसऱ्या माणसाला कळायला मार्ग उरत नाही. लेबलवरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विष किती जहाल आहे ते सांगतो. लाल सर्वांत जहाल.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेतले दुपारचे जेवण खाऊन २३ मुले दगावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. पूर्वी कपाशीवर मारले जाणारे हे औषध आपल्या शेतमजुरांना नावाने माहीत आहे. रिकामा डबा शेतमालकाकडेच राहू द्या. तो भोक पाडून निकामी करायला सांगा.

अपघात झालाच तर

भाजले तर भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नका. कपडा चिकटला असेल तर ओढू नका. स्वच्छ फडक्याने झाका.

मुलाने रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर प्यायले तर उलटी करवू नका. मिठाचे पाणी पाजू नका. उलटी करताना ते फुप्फुसात शिरते. मूल हसत-खेळत असले तरी दाखवून आणा, कारण खोकला आणि धाप काही तासांनी सुरू होऊ शकते.

१०८ वर फोन करा किंवा सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. जे पोटात गेले त्याची बाटली किंवा डबा सोबत न्या. त्यावरचे लेबल वाचून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

आणि आजच एक काम करा. घरात पाण्याच्या बाटलीत रॉकेल, थिनर, ॲसिड असे काही ठेवले असेल तर ते मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, नाव लिहून, कुलपात ठेवा. गरज नसेल तर घरात ठेवूच नका.