घाटवाटांचा लष्करी कागद

जुन्नर-आंबेगावच्या जुन्या लष्करी नकाशांचा विषय निघाला की हल्ली दोन ठराविक सूर ऐकू येतात. इंग्रज आले नसते तर आपला सह्याद्री आपल्याला कागदावर दिसलाच नसता, हा एक. उपग्रहाच्या जमान्यात ही रद्दी कशाला जपायची, हा दुसरा. या दोन्ही पंथांतल्या विद्वानांनी नकाशा हातात धरून दाऱ्याघाट उतरलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेनेल, रेनॉल्ड्स, मद्रासेहून मोजत मोजत येऊन हिंगणघाटच्या मातीत विसावलेला लॅम्बटन या मोजणीदारांवर पुष्कळ लिहून झाले आहे. आपल्या मुलखापुरती सुरुवात १८१८ची. त्या मे महिन्यात मेजर एल्ड्रिजच्या इंग्रज तुकडीने चावंड आणि जीवधन उखळी तोफांनी भाजून काढले. किल्ले पडले, पण मुलूख हाती आला नव्हता. उद्या बंड उठले तर फौज कुठून चढवायची, ओझ्याचे बैल कुठवर जातील, उन्हाळ्यात पाणी कुठे टिकते, हे पुण्याच्या छावणीत कोणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते डोंगरातल्या महादेव कोळ्यांना. पुढे राघोजी भांगरे ज्यांच्या बळावर सरकारशी झुंजला तीही हीच माणसे. नकाशाच्या कोपऱ्यात साहेबाचे नाव असते, वाटाड्याचे नसते. पण खिंड कुठली आणि नुसती घळ कुठली, हे दुर्बिणीतून कळत नाही, ते कोणीतरी सांगावेच लागते.

आता माझ्या आवडीच्या माणसाकडे येतो. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई फौजेतला अधिकारी. खडकीच्या लढाईत होता, डोंगरी किल्ल्यांच्या मोहिमेतही होता. १८२४ मध्ये त्याला दख्खनचा स्टॅटिस्टिकल रिपोर्टर नेमले आणि पुढची काही वर्षे तो पिके, पाऊस, पक्षी, माणसे, दगड सगळे टिपत हिंडला. नाणेघाटातल्या लेण्यातला सातवाहनांचा शिलालेख १८२८ मध्ये त्याच्याच नजरेस पडला. एवढे लोकांना माहीत असते. माझा जीव मात्र त्याच्या पत्र्याच्या भांड्यावर आहे.

डोंगराची उंची काढायला तेव्हा बॅरोमीटर लागे. पाऱ्याने भरलेली लांब काचेची नळी ती, घाटातून नेताना फुटायचीच. साइक्सने साधे थर्मामीटर घेतले आणि पत्र्याच्या उभट भांड्यात पाणी उकळले. जितके वर जावे तितका हवेचा दाब कमी, आणि तितक्या कमी उष्णतेला पाणी उकळते. समुद्रकाठी २१२ अंश फॅरनहाइटला उकळणारे पाणी हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर सुमारे साडेआठ अंश आधीच उकळते. म्हणजे दर अंशाला साडेपाचशे फुटांच्या आसपास. कोष्टक काढा, त्या दिवशीच्या हवेचा हिशेब वजा करा, उंची मिळाली. काटक्या, पाणी आणि दोन थर्मामीटर एवढ्यावर काम झाले. १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने ही रीत छापून दिली.

आमच्या नकाशाप्रेमींतले काही काटेकोर लोक याला नाके मुरडतात. थर्मामीटर वाचण्यात अंशाच्या दहाव्या भागाची चूक झाली की पन्नासेक फुटांचा फरक पडतो, असे त्यांचे म्हणणे. पडतोच. पण खालून पाहून अंदाजे आकडा ठोकण्याच्या काळात पन्नास फुटांपर्यंत येणे ही थोर गोष्ट होती, आणि ती कड्यावर चूल पेटवून साधलेली होती.

कड्याखालचा कोकण थॉमस बेस्ट जर्व्हिसने मोजला. याच जर्व्हिसने पुढे क्रिमियाच्या युद्धात, १८५५ मध्ये, ब्रिटिश युद्धखात्याचे नकाशादालन उभे केले. वरच्या महसुली मोजणीची कथा निराळी. तेहतीस फुटी साखळी, गुंठा, टिपण, गावनकाशे आणि पुण्याचा फोटोझिंको छापखाना हे सारे मोजणी कार्यालयात जाणाऱ्याला पाठ असते.

खरा मजेचा कागद पुढचा, इंचाला मैल प्रमाणाचा. तो प्लेन टेबलवर घडला. तिपाईवर फळी, फळीवर ताणलेला कागद. आधीच पक्क्या केलेल्या तीन शिखरांवर पट्टी रोखायची आणि आपल्याकडे रेघा ओढायच्या. तिन्ही रेघा एका ठिपक्यात मिळाल्या की आपण तिथे उभे. नाही मिळाल्या तर मधे बारीकसा त्रिकोण उरतो. मग फळी केसभर फिरवायची, रेघा खोडायच्या, पुन्हा रोखायचे. भर वाऱ्यात खलाशी, म्हणजे मोजणीतला मदतनीस, छत्री धरून उभा, आणि सर्व्हेअर तो त्रिकोण संपेपर्यंत जागचा हलत नाही. नंतर समोरचा उतार पाहत पाहत समोच्च रेषा हातानेच काढायच्या.

या शीटवर बैलगाडीची वाट, लादलेल्या जनावरांची वाट आणि पायवाट यांच्या खुणा वेगळ्या असतात. ते तसे आहे कारण लष्कराला तोफ, खेचर आणि शिपाई यांचे तीन वेगळे प्रश्न होते. आहुपेहून खोपिवलीला, घाटघरहून नाणेघाटाने वैशाखऱ्याला कोण काय घेऊन उतरू शकत होते, हे त्या खुणांतून वाचता येते. आजच्या मोबाइलच्या नकाशाला मोटार जात नाही तिथे वाटच दिसत नाही.

आमच्या उमेदीच्या काळात अशी शीट, म्हणजे टोपोशीट, मिळवायची म्हणजे अर्ज, शिफारस, सही-शिक्का. वर ग्रहयोग असा की जुन्नर ४७ ई/१६ क्रमांकाच्या शीटवर, नाणेघाट ४७ ई/११ वर, भीमाशंकर १२ वर आणि हरिश्चंद्रगड १५ वर. चार शीट कुकडीच्या वरच्या खोऱ्यात कोपऱ्याला कोपरा लावून जोडाव्या तेव्हा कुठे मुलूख पुरा होई. २००५च्या नकाशा धोरणाने लष्कराची मालिका वेगळी आणि लोकांची वेगळी केली. लोकांची आता घरबसल्या उतरवून घेता येते. याचा मला मनापासून आनंद आहे. पण नवी आवृत्ती जुनीची जागा घेत नाही. डिंभे धरणाखाली गेलेले जुने आंबेगाव नव्या शीटवर निळ्या रंगात आहे. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज, येडगाव यांच्या पाण्याखालच्या ओढ्यांचे, वाटांचे, वस्त्यांचे जागच्या जागी चित्र फक्त जुन्या शीटवर मिळते. आणि एका जुन्या संस्थेने कापडावर चिकटवलेल्या अशा शीट, जागा नाही म्हणून, वजनावर घातलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. विचारले तर उत्तर मिळाले, सगळे आता नेटवर असते. हे नसते.

जुन्नर आणि घोडेगाव या दोन्ही गावांच्या वाचनालयांत या चारही शीटच्या जुन्या आवृत्त्या, निदान चांगल्या प्रती काढून, भिंतीवर लावता येतील. त्याला फार पैसा लागत नाही. धरणाआधीचे आंबेगाव पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. त्यांना त्या कागदासमोर बसवून कोणता ठिपका कोणाची वाडी, कोणती वाट कोणत्या बाजाराची, हे येत्या हिवाळ्यात लिहून घ्यावे. तरुण मंडळींपैकी कोणी पुढे येणार असेल तर माझ्याजवळच्या प्रती मी आनंदाने देईन.